‘अंडेर’ असा शब्द नाही

जळगाव
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय नूतन,

न्याहारी आटोपून टेबलाशी बसले की अजूनही वाटतं, सिस्टर फिलोमिना आता येईल आणि फळ्यावर ‘डिअर फादर अँड मदर’ लिहून म्हणेल, पुढचं तुमचं तुम्ही लिहा, पण मी वाचणार आहे. शाळा सुटून सत्तेचाळीस वर्षं झाली. रविवारी पत्र लिहिण्याची सवय सुटली नाही, आणि तुझ्याशिवाय आता लिहायचं तरी कोणाला? वांगी यांच्याबरोबर पाठवली होती. पोचली असतील. बामणोदची आहेत, भरीत कर.

आता बातमी. या वयात मला नोकरी लागली आहे, तीही परदेशी. हसू नकोस. तिकडच्या एका कंपनीला यंत्राला खान्देशी शिकवायचं आहे. त्यासाठी रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून जसंच्या तसं लिहून देणारी माणसं त्यांना हवीत. आपापल्या घरी बसून काम करायचं, कोणी कोणाचं तोंड पाहायचं नाही. अर्ज ढिगाने आले. आता खोटं कोण, खरं कोण हे त्यांना तिकडे बसून कसं कळणार? म्हणून त्यांना एक परीक्षक हवा होता. पियुष, माझा भाचा, तिकडेच असतो. त्याने माझं नाव सुचवलं. मुलाखत एका पोरसवदा मुलीने घेतली. तिच्या मागच्या खिडकीत बर्फ पडत होता. वीस मिनिटं आम्ही इंग्रजीत गप्पा मारल्या आणि शेवटी ती म्हणाली, तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. दुसऱ्या दिवशी मी ‘वरिष्ठ भाषातज्ज्ञ’ झाले.

नूतन, काय एकेक नमुने येतात. परीक्षेत वीस क्लिप असतात, प्रत्येकीत एखाद-दोन वाक्यं. त्यांच्या बरोबर उत्तरांची पत्रिका मीच लिहून दिली आहे, तिच्यावरूनच तपासायचं. एकाने वीसच्या वीस हिंदीत लिहून पाठवल्या. चाळीसगावच्या एकाने प्रत्येकीखाली ‘आवाज येत नाही’ एवढंच लिहिलं. बहुधा त्याने कान लावलाच नव्हता. एका निवृत्त साहेबांनी क्लिपमधल्या म्हातारीचं बोलणं सुधारून, सरकारी परिपत्रकासारखं करून दिलं. एकाच्या अर्जात येणाऱ्या भाषा होत्या: मराठी, हिंदी, इंग्रजी, खान्देशी, एक्सेल. मी सगळ्यांना घरी पाठवते आहे. दयामाया दाखवायला आपण काही अनाथाश्रम काढलेला नाही.

कालची तर कमालच. आम्हाला नावं दिसत नाहीत, फक्त क्रमांक, जिल्हा, बाई की बुवा आणि येणाऱ्या भाषा. उमेदवार ४१७, धुळे. आव असा की बोली पाळण्यातच शिकली असावी. ‘मले’ला जिथे तिथे ‘माले’. आणि ‘आंडोर’, म्हणजे मुलगा, या साध्या शब्दाचं चार ठिकाणी ‘अंडेर’. वीसपैकी अकरा. पास व्हायला सतरा लागतात. मी शेरा मारला, ‘अंडेर’ असा शब्द नाही, उमेदवाराला ही बोली घरची नाही.

आणि ‘आंडोर’ मला कोणी शिकवला? तू. होस्टेलच्या गच्चीवर गाद्या वाळत घालताना. सिस्टरला कळू नये म्हणून पत्रांत आपण तुझे शब्द पेरायचो. त्या गुप्त भाषेवर म्हातारपणी मी परदेशात पंडित ठरले.

आईंना नमस्कार सांग.

तुझी
मोहिनी


धुळे
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय मोहिनी,

वांगी पोचली. भरीत केलं. आई पहिला घास खाऊन म्हणाली, ही बामणोदची नाहीत. पंच्याऐंशी वर्षांची आहे, कानांनी दगा दिला आहे, पण जिभेवर अजून कोणाचं दडपण नाही. वांगीवाल्याने तुला फसवलं. तुझ्या यजमानांच्या हातून तू मला फसवलंस. आईला कोणी फसवू शकलं नाही. परीक्षक अशी असावी.

नोकरीबद्दल अभिनंदन. मला फक्त एक कळलं नाही. तुला खान्देशी येतं की नाही हे त्या बर्फाच्या खिडकीतल्या मुलीने कसं ओळखलं? इंग्रजीवरून? म्हणजे आचारी ठेवताना त्याला गाडी चालवायला लावायची आणि गाडी बरी चालवतो म्हणून स्वयंपाकघराच्या किल्ल्या द्यायच्या, असं झालं. तुझ्यावर राग नाही. त्यांच्याकडे दुसरं साधनच नव्हतं. ज्यांना त्या बोलीतला एक शब्द कळत नाही त्यांनी परीक्षक निवडला, आणि परीक्षकाने आम्हाला घरी पाठवलं.

‘आम्हाला’ म्हणजे इथल्या लोकांना. माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिने तुमच्या कंपनीची परीक्षा दिली. निवृत्त मास्तरीण आहे, नवरा गेला, मुलं दूर. घरात ती आणि तिची म्हातारी आई. आईला ऐकू येत नाही, म्हणून तीही आता क्वचितच बोलते; घरात बोली आहे, पण ती बोलायला-ऐकायला कोणी नाही. कोणीतरी कॉम्प्युटर उघडून दिला, तिने कानाला हेडफोन लावला, आणि कुठली तरी अनोळखी म्हातारी तिच्या कानात तिच्या गावासारखं बोलायला लागली. त्या दिवशी तिने वीस क्लिप साठ वेळा ऐकल्या असतील. हे काम मिळालं तर रोज सकाळी चार तास कोणीतरी तिच्याशी असं बोलणार आहे. तिला बाकी काही नको आहे.

नापास झाली. म्हणे ‘घरची बोली नाही’. ती मला म्हणाली, असा शेरा मारणाऱ्या माणसाला एकदा बघायचं आहे, संग्रहालयात ठेवतात तसा कुठे ठेवला असेल तर. मी म्हटलं, जाऊ दे, तिकडचा कोणी गोरा असेल.

तीन वेळा बसता येतं, तिसऱ्यांदा नापास झालं की कायमचं दार बंद, हे खरं का? तिची दुसरी खेप फेब्रुवारीत आहे. तिला काय सांगू? आणि मोहिनी, ‘माले’ धुळ्यात चूक कधीपासून झालं?

तुझी
नूतन


जळगाव
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय नूतन,

तुझं पत्र वाचून दोन दिवस फुगून बसले होते. आचारी काय, गाडी काय. तुझी जीभ आईंवर गेली आहे. वांग्यांचं मात्र खरं निघालं, वांगीवाल्याने कबूल केलं.

तुझ्या ओळखीच्या बाईला सांग की आधी बोली नीट शिक आणि मग कानाला लाव. एकटेपणा वाईटच, मला कळतं. पण कंपनीने एकटेपणाची परीक्षा ठेवलेली नाही. तीन वेळांचं खरं आहे. ‘माले’चं म्हणशील तर आमच्या सावद्याला, रावेरला, यावलला जन्मात कोणी ‘माले’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. ‘मले’च. मला कंपनीने खान्देशीची परीक्षक नेमलं आहे, गावोगावच्या लहरींची नाही.

आता ऐक. ती ४१७ परत आली. दुसऱ्या खेपेलाही तेच ‘माले’, तेच ‘अंडेर’, एक मात्रासुद्धा बदललेली नाही. वर इंग्रजीत तीन परिच्छेदांची हरकत. पहिलंच वाक्य, ‘परीक्षकांच्या आत्मविश्वासाबद्दल पूर्ण आदर राखून’. नूतन, काय ते इंग्रजी. स्वल्पविरामसुद्धा सिस्टर फिलोमिनाच्या छडीखाली शिकल्यासारखे. क्षणभर मला त्या बाईचा मोहच पडला. मग भानावर आले. इतकं चांगलं इंग्रजी असलेल्या बाईला बोली येणार कुठून? पुस्तकातून उचलून फॉर्म भरणारी ही जात मी चांगली ओळखते.

म्हणे क्लिपमधली म्हातारी मुलीबद्दल बोलते आहे, अक्षय्य तृतीयेला मुलगी येते म्हणून. मी पुन्हा ऐकली. ‘आखाजीले मनी अंडेर येस.’ म्हातारीला दात नाहीत. ‘मना आंडोर’ म्हणते आहे, दातांअभावी ‘मनी अंडेर’ ऐकू येतं. पाचोऱ्याच्या बाजारातही मी एका भाजीवालीकडून असंच वेडंवाकडं ऐकलं आहे. म्हणून काय वेडंवाकडं यंत्राला शिकवायचं?

या खेपेला मी तिला आठ दिले. उर्मटपणाचे तीन कापले असं समज, जरी तसा रकाना नाही. तिसरी खेप मे महिन्यात. येईल असं वाटत नाही. अशा बायका वर्तमानपत्राला पत्र लिहितात आणि गप्प बसतात.

आईंचे कान कसे आहेत? एकदा इकडच्या डॉक्टरांना दाखवू.

तुझी
मोहिनी


धुळे
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

मोहिनी,

ती ओळखीची बाई मी आहे. आणि ४१७ पण मीच.

पहिल्या पत्रातच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मला वाटलं, तू आपणहून ओळखशील. माझं इंग्रजी ओळखलंस, त्याचा मोह पडला, आणि त्यावरून मी खोटी आहे असा निर्णय दिलास. मग तुझं काय? तुझ्या आणि माझ्या स्वल्पविरामांवर एकच छडी पडली आहे.

मी कापडण्याची आहे. दहा वर्षांची होईपर्यंत माझ्या कानावर दुसरी बोली पडली नाही. तू सावद्याची. तुमच्याकडे ‘मले’, आमच्याकडे ‘माले’. तुमच्याकडे ‘हाय’, आमच्याकडे ‘शे’. भुसावळला दोघी शेजारी बसून भाजी घेतात आणि एकीचं दुसरीला कळतं, म्हणून ती एक होत नाही. त्या कंपनीने नकाशावर एक गोल काढला, आत ‘खान्देशी’ लिहिलं आणि गोलात सापडलेल्या पहिल्या इंग्रजी बोलणाऱ्या बाईला गादीवर बसवलं. त्यांचं मला काही वाटत नाही. त्यांनी गावच पाहिलेलं नाही. तू पाहिलं आहेस. तुला ‘वरिष्ठ’ म्हटलं आणि तू ऐकायचं बंद केलंस.

दातांचं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि घरभर फिरून आले. दात नसले की माणूस ‘मना’चं ‘मनी’ करतो? चार क्लिपमध्ये, चारही वेळा, जाणूनबुजून? बरं, दात राहू दे. खान्देशात जन्मलेल्या कुठल्याही पोरीला विचार, आखाजीला माहेरी कोण येतं. झोके कोणासाठी बांधतात? गौराईची गाणी कोण म्हणतं? तुझ्या उत्तरपत्रिकेत म्हातारीचा मुलगा आखाजीला माहेरी येतो आणि झोक्यावर बसतो. हे त्या बर्फवाल्या मुलीला पटेल. तुला कसं पटलं?

माझं काम गेलं तर गेलं. मी सकाळी रेडिओ लावीन. पण तुझ्या त्या पत्रिकेवरून यंत्र शिकणार आहे, नाही का? उद्या कापडण्याची एखादी बाई फोनमध्ये सांगेल, मनी अंडेर आजारी शे, आणि यंत्र लिहील की मुलगा आजारी आहे. दवाखान्यात मुलाची फाइल शोधत बसतील. धुळ्याच्या बाजूच्या सगळ्या मुली एका शेऱ्याने गेल्या. ‘असा शब्द नाही.’ तुझ्या अक्षरात.

मला एवढंच सांग, ‘आंडोर’ मी शिकवला, पण ‘अंडेर’ असा शब्द नाही हे तुला कोणत्या दीडशहाण्याने सांगितलं? सावद्याला तर तो शब्दच नाही, म्हणजे तिथे कोणी तुला चुकीचा शिकवणार नाही. कोणीतरी आमच्याच बाजूचं असणार. नाव सांग. मे महिन्यातली खेप मी देणारच आहे, त्याआधी त्या माणसाला तोंडावर विचारून येते.

नूतन


जळगाव
रविवार, १३ एप्रिल २०२५

प्रिय नूतन,

सहा रविवार मी टेबलाशी बसले आणि उठले. आज लिहिते.

तू नाव मागितलंस. नूतन. कापडण्याची, इयत्ता नववी, माझ्या शेजारच्या खाटेवरची.

भेटीचा रविवार होता. जुलै असावा, कारण पार्लरच्या, त्या भेटीच्या खोलीच्या, फरशीवर सगळीकडे चिखलाची पावलं होती आणि सिस्टर दारात पोतं घेऊन उभी होती. पालक खुर्च्यांवर बसले होते. तुझी आई दारातच थांबली, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या पुरणपोळ्या. चप्पल बाहेर काढून आली होती, म्हणून तिचीच पावलं तेवढी स्वच्छ होती. तिने सिस्टरला मोठ्याने विचारलं, कारण सिस्टर परकी आहे तर मोठ्याने बोललं की कळेल असं तिला वाटलं असणार, “मनी अंडेर कोठे शे?”

पार्लरमध्ये निम्म्या मुली जैन होत्या. त्यांनी फक्त ‘अंडे’ ऐकलं. एकजण म्हणाली, अंडी विकायला आली आहे. मग काय, हसणं थांबेना. तू जिन्यात उभी होतीस. खाली आली नाहीस. तुझ्या आईने पोळ्या सिस्टरच्या टेबलावर ठेवल्या आणि थोडा वेळ थांबून गेली. त्यानंतर महिनाभर जेवणघरात तुला ‘अंडेवाली’ म्हणायचे.

संध्याकाळी गच्चीवर मी तुला विचारलं, तुझी आई काय म्हणाली गं? गाद्या गोळा करत होतीस. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “असा शब्दच नाही. ‘आंडोर’ म्हणायचं असतं. माझ्या आईला बोलता येत नाही.”

तू शाळेत पहिली यायचीस, नूतन. तू म्हणालीस आणि मी तसंच डोक्यात लिहून ठेवलं. पाचोऱ्याच्या भाजीवालीच्या तोंडून ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, हिलाही बोलता येत नाही. गेली अठ्ठेचाळीस वर्षं मी तुझ्याच उत्तरपत्रिकेवरून गुण देते आहे.

हे लिहावं की नाही यात सहा रविवार गेले. तू विसरली असशील असं वाटलं आणि विसरलेली बरी असंही वाटलं. पण तुझ्या पत्रात तू त्या माणसाला दीडशहाणा म्हणालीस, आणि मी एकटीने ते अंगावर घ्यायला तयार नाही.

माझं मीही पाहिलं. आमच्याकडे कामाला सुनंदाबाई येतात, अमळनेरकडच्या. त्यांना समोर बसवून मी वीस क्लिप पहिल्यापासून लिहिल्या आणि त्यांच्याकडून तपासून घेतल्या. त्या हसून हसून भिंतीला टेकल्या. वीसपैकी नऊ. तुझ्यापेक्षा दोन कमी, वरिष्ठ भाषातज्ज्ञ.

कंपनीला मी सगळं कळवलं. माझी बोली पूर्वेकडची आहे, धुळ्याकडचं मला तपासता येत नाही, उत्तरपत्रिका चुकली आहे. उत्तर आलं की माझ्या ‘सकारात्मक पुढाकाराबद्दल’ ते आभारी आहेत. पुढाकार. मी चोरी कबूल केली आणि त्यांनी पेढे वाटले. तीन महिने मी काय वाट्टेल ते लिहीत होते तेव्हा कोणी पुरावा मागितला नाही. आता बरोबर लिहायचं म्हटलं तर नियम निघाला. ‘अंडेर’ हा शब्द उत्तरपत्रिकेत घालायचा असेल तर तो जन्मापासून बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात, एका पूर्ण वाक्यात, नवीन रेकॉर्डिंग हवं. पाच मेच्या आत. मागे दुसरा कोणताही आवाज नको, पंख्याचा नको, भांड्याचा नको, नाहीतर सदोष ठरतं. ते आलं तर तुझी तिसरी खेप नव्या पत्रिकेवरून तपासली जाईल. नाही आलं तर जुन्या. आणि जुन्या पत्रिकेवर तू तिसऱ्यांदा, कायमची नापास.

सुनंदाबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तुमच्या मैत्रिणीची आई आहे ना, मग माझा आवाज कशाला?

मलाही तेच वाटतं. आईंचा घे.

तुझी
मोहिनी


धुळे
बुधवार, ३० एप्रिल २०२५

प्रिय मोहिनी,

आज रविवार नाही, तरी लिहिते. आज आखाजी आहे. गल्लीत झोका बांधला आहे आणि त्यावर सकाळपासून मोठ्या बायकाच बसल्या आहेत, पोरींना कोणी बसू देत नाही.

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. मी विसरले नव्हते. आईने पोळ्या आणल्या होत्या एवढं मला आठवत होतं, आणि पुढचं आठवू नये अशी मी व्यवस्था केली होती. इतकी चोख की फेब्रुवारीत तुला ते पत्र लिहिताना माझा हात एकदाही अडखळला नाही. असो. जे होतं ते तू सांगितलंस.

आज सकाळी आईला न्हाऊ घातलं, नवीन पातळ नेसवलं आणि पुढे बसले. फोन तिच्या तोंडाशी धरला. पंखा बंद केला. कानाशी ओरडून सांगितलं, परदेशातल्या लोकांना आपली बोली ऐकायची आहे, तू एकच वाक्य म्हण, ही मनी अंडेर शे. तिने विचारलं, कोण ऐकणार? मी म्हटलं, साहेब लोक, तिकडचे. तिने पदर डोक्यावरून नीट घेतला, ताठ बसली, आणि एकेक शब्द वेगळा करून म्हणाली,

“ही माझी मुलगी आहे. तिचं नाव नूतन आहे.”

मोहिनी, स्वच्छ. क्रमिक पुस्तकातलं. आयुष्यात तिच्या तोंडून असं मराठी ऐकल्याचं मला आठवेना. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, भाईदास गुरुजींच्या बायकोकडे. त्याच पावसाळ्यात. पुढच्या भेटीच्या रविवारपर्यंत विहिरीवर पाणी ओढताना घोकत होती, ‘माझी मुलगी कुठे आहे’. चार आठवडे. आणि पुढच्या रविवारी तिने पार्लरच्या दारात ते म्हटलंही. मला तेवढं आठवतं की त्या रविवारी कोणी हसलं नाही आणि मला हायसं वाटलं. ती ते कुठून घेऊन आली असेल, असा प्रश्न मला पडला नाही. शाळेत पहिली येत होते ना.

त्यानंतर तिने मला कधी अंडेर म्हटलं नाही. घरी नाही, लग्नात पाठवणीला नाही, हे गेले तेव्हा नाही. माझ्याबद्दल कोणाशी बोलताना ‘आमची नूतन’ म्हणते. मला वाटायचं, कौतुकाने म्हणते.

मी म्हटलं, आई, ते जुनं म्हण. आपलं म्हण. तिने मान हलवली.

“ते नको वं. तुन्या मैतरनी हासतीन.”

मग मी तिला आत नेऊन निजवलं. तिच्याकडून नाही होणार. आता तिला सांगायला गेले की हसणार नाहीत, हसल्या त्या चुकल्या, तर एवढं सगळं कानाशी ओरडून सांगता येत नाही. आणि ऐकू आलं असतं तरी ती माझ्यावर विश्वास का ठेवेल? माझा शेरा तिला आधीच मिळालेला आहे.

तर रेकॉर्डिंग माझं आहे. नियमात जन्मापासून बोलणारं माणूस म्हटलं आहे, आणि मी दहा वर्षांपर्यंत तरी होते. फोन टेबलावर ठेवून बाहेरच्या खोलीत उभी राहिले. वाक्य सोपं आहे, पाच शब्दही नाहीत. सहा वेळा बिघडलं. दोनदा हसू आलं, एकदा मध्येच ‘आहे’ आलं, तिच्यासारखंच स्वच्छ. सातव्या वेळी मी नको तितक्या मोठ्याने म्हणाले, “मी बेबाबाईनी अंडेर शे.”

आतून आई म्हणाली, “काय वं?”

तिला फक्त स्वतःचं नाव ऐकू गेलं असेल. किंवा झोक्यावरच्या बायकांचा गलका. विचारायला गेले नाही.

रेकॉर्डिंग तुझ्या भाच्याने, पियुषने, कळवलेल्या पत्त्यावर दुपारी पाठवलं, पण ते तुझ्याकडेच तपासायला येणार, हे मला ठाऊक आहे; त्यांच्याकडे दुसरं कोण आहे? मागे दुसरा आवाज आहे. नियमाप्रमाणे तो दोष होतो आणि काढता येत नसेल तर सगळंच बाद करायचं असतं. तू तो काढू नकोस. नव्याने पाठव असंही सांगू नकोस, मी पाठवणार नाही. तिसरी खेप पंधरा मेला आहे, मी बसणार आहे, आणि ‘माले’ला ‘माले’च लिहिणार आहे.

गुण कापायचे असतील तर काप. फक्त आधी नीट ऐक.

तुझी
४१७